आबांचं लाल कार्ड

शिट्टी तोंडात नसली की मला माणसांशी धड बोलता येत नाही, असं आमच्या घरी म्हणतात. मी भांडत नाही, कारण थोडंफार खरं आहे. जळगावच्या एका हायस्कुलात मी आयुष्यभर पी.टी. शिकवली, पण पावसाळा ओसरून मैदानं जरा वाळली की माझ्यातला मास्तर रजेवर जायचा. काळा शर्ट, काळी हाफपँट, गळ्यात शिट्टी आणि पिशवीत कालची भाकरी अशा थाटात मी एस.टी.नं जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या शाळांचे फुटबॉलचे सामने घेत हिंडायचो. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलो, त्यामुळे हा खेळ अंगात लहानपणीच शिरलेला. खानदेशात तेव्हा फुटबॉलच्या रेफरीला फारसं कुणी ओळखत नसे. एका गावात तर माझा काळा वेश पाहून मला वकील समजून एका म्हाताऱ्यानं बांधाच्या भांडणाची सगळी हकीकत ऐकवली होती.

रेफरीचं काम तसं सांगायला सोपं. बावीस पोरं एका चेंडूमागे धावतात. तेविसावा माणूस त्यांच्याइतकाच धावतो, फक्त त्यानं चेंडूला पाय लावायचा नाही. दोन्ही बाजूंच्या रेषांवर निशाण घेऊन एकेक लाइन्समन असतो. रेफरीला जे दिसलं नाही ते त्यानं निशाण वर करून कळवायचं. कळवायचं एवढंच, ठरवायचं रेफरीनं. आणि रेफरीचं चुकलं असेल तर त्याला आपला निर्णय फिरवता येतो, पण खेळ पुन्हा सुरू होईपर्यंतच. एकदा का शिट्टी वाजून चेंडू हलला की झालं ते झालं. हे वाक्य वाचकांनी जरा लक्षात ठेवावं, पुढं लागणार आहे.

आमची मैदानं म्हणजे काळी माती. ओली असली की बुटाला शेर-दोन शेर चिकटणार, वाळली की भेगांत पाय अडकणार. निम्मी पोरं अनवाणी. सावद्याच्या शाळेत गोलाला दोन बांबू होते, पण वरच्या आडव्या दांड्याच्या जागी केळीच्या सोपटाची वळलेली दोरी. चेंडू दोरीवरून गेला की खालून, यावर तिथं अर्धा अर्धा तास चर्चा चालायची. गोलकीपर तर इतका हुशार की आपल्याकडे चेंडू आला की एक बांबू हळूच आत ओढायचा. दोरी झोळीसारखी खाली यायची आणि प्रत्येक फटका वरून गेलेला ठरायचा. मला हे समजायला सबंध एक सामना लागला. समजल्यावर आधी मी पोट धरून हसलो आणि मग फाउल दिला.

तर मला सांगायचंय ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या एका हंगामाबद्दल. त्याच्या आदल्या वर्षी धुळ्याच्या अंतिम सामन्यात मोठी बोलाचाली झाली होती. रेफरीनं कुणाला ताकीद दिली, कुणाला बाहेर काढलं, हे प्रेक्षकांना कळलंच नाही, आणि मैदानात दगड आले. शालेय खेळांचं काम बघणारे साहेब खानदेशाबाहेरचे आणि कडक होते. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"चौधरी सर, मी स्पष्ट सांगतो. यंदा फुटबॉलवरून पुन्हा राडा झाला, तर पुढच्या वर्षीपासून हा खेळ कार्यक्रमातून बंद. कबड्डी, खो-खो आहेत की. त्याला बूट लागत नाहीत, चेंडू लागत नाही."

कार्यक्रमातून खेळ गेला म्हणजे शाळा चेंडू घेणार नाहीत, चेंडू नाही म्हणजे पोरं नाहीत. पाच-सहा वर्षं गावोगाव हिंडून लावलेलं रोप उपटून टाकल्यासारखं होणार होतं. मी म्हणालो, "साहेब, मेक्सिकोच्या वर्ल्ड कपपासून नवी पद्धत आलीय. पिवळं कार्ड म्हणजे ताकीद, लाल कार्ड म्हणजे बाहेर. लांब बसलेल्यालाही दिसतं. मला रेफरी तयार करू द्या."

"तयार करा," साहेब म्हणाले. "पण अंतिम सामन्याला मी स्वतः बसणार आहे."

मी दोन्ही जिल्ह्यांतल्या पी.टी. शिक्षकांचं शिबिर आमच्या शाळेच्या मैदानावर भरवलं. आता गंमत अशी की आलेले बहुतेक सगळे कबड्डीचे पंच. उभा जन्म हुतूतूत गेलेला. त्यांना फुटबॉल शिकवणं म्हणजे डावखुऱ्याच्या हातून उजव्या हातानं रांगोळी काढून घेणं. सरावाच्या सामन्यात एका पोरानं पुढं निघालेल्या पोराचा घोटा दोन्ही हातांनी धरून त्याला आडवा केला. मी वाट बघतोय की रेफरी झालेले गुरुजी आता शिट्टी वाजवतील. गुरुजी शिट्टी सोडून टाळ्या वाजवत म्हणाले, "वा रे पठ्ठ्या! काय पकड केली!"

या मंडळींत सगळ्यात मोठे होते धरणगावचे दगडूआबा. वय पन्नाशीच्या पुढं, डोक्याला पांढरी टोपी, आवाज असा की भोंग्याची गरज नाही. कबड्डीचा पंच म्हणून खानदेशात त्यांचा शब्द म्हणजे शब्द. कुठल्याही गावची जत्रा असो, आबांनी हात वर केला की गडी बाद, आणि बाद झालेला गडी "पण आबा…" एवढंही न म्हणता रेषेबाहेर जाऊन बसायचा. आबांनी आयुष्यात दिलेला निर्णय कधी फिरवला नव्हता, आणि याचा त्यांना रास्त अभिमान होता. मला वाटलं, या माणसाच्या हाती शिट्टी असली तर दगड यायचे नाहीत. मी त्यांच्या मागेच लागलो. ते नियम पाठ करायचे, धावायचे, धापा टाकायचे आणि आपल्या अहिराणीत मला विचारायचे, "सर, चेंडू पायमा का मारतस ह्या पोरे? हात देयेल शेतस ना देवनी!" पण शिकले. ऑफसाइड तर इतका पक्का शिकले की घरी पंगतीतसुद्धा कोण कुणाच्या पुढं बसलंय ते बघतात, असं त्यांची सूनच सांगायची.

कार्डांचा प्रश्न होता. ती कुठं विकत मिळत नव्हती. बाजारात चंपालालशेठ म्हणून मारवाडी व्यापारी होते, त्यांची लग्नपत्रिकांची छपाई. त्यांच्याकडे जाड पुठ्ठ्याचे लाल-पिवळे तुकडे पडलेले असायचे. मी मागितले तसे त्यांनी दिले, आणि कशाला पाहिजेत ते विचारलं. मी सांगितलं. शेठजी हसून लोळायचे बाकी राहिले.

"काय हो सर, आम्ही लाल कार्ड पाठवतो माणसाला घरी बोलवायला, आणि तुम्ही तेच दाखवून त्याला बाहेर काढणार? चांगलं नाही हे!"

आबांच्या वाट्याला आलेल्या लाल तुकड्यावर छापलेला अर्धा गणपती होता, सोंडेसकट. मी दुसरा तुकडा देऊ लागलो तर आबा म्हणाले, "राहू द्या. देव संगे शे ते बरं."

शिबिरात मी कार्डांवर घाम गाळला. कधी दाखवायचं, किती उंच धरायचं, कुणाकडे तोंड करून. सगळे पंच आरशासमोर उभे राहून सराव करत. लाल म्हणजे बाहेर, लाल म्हणजे बाहेर, असं मी इतक्यांदा घोकून घेतलं की शाळेतली लहान पोरंही गॅलरीतून तेच ओरडू लागली. बाहेर म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात आहे तरी काय, असं मलाही वाटलं.

अंतिम सामना धुळ्याला, एका शाळेच्या मोठ्या मैदानावर. धुळ्याचा संघ विरुद्ध सावद्याचा. सावद्याची माणसं केळीच्या ट्रकांत बसून आली होती. ट्रकात अजून केळीची वाळकी पानं होती आणि तीच अंथरून मंडळी रेषेला खेटून बसली. धुळ्याचं तर घरचंच मैदान. साहेब मांडवात खुर्चीवर. रेफरी दगडूआबा, आणि सावद्याच्या माणसांकडच्या रेषेवर लाइन्समन मी. सामना सुरू व्हायच्या आधी आबा माझ्याजवळ आले. साहेबांची अट त्यांनाही ठाऊक होती. म्हणाले, "सर, आज फुटबॉल ऱ्हायना पाहिजे." मी म्हणालो, "आबा, तुम्ही आहात म्हणजे राहणार."

आणि खरंच सांगतो, आबांनी तो सामना काय चालवला! मी निशाण घेऊन रेषेवर धावत होतो आणि माझा ऊर भरून येत होता. शिट्टी स्वच्छ, हात स्पष्ट, कुठं घुटमळणं नाही. धुळ्यानं पूर्वार्धात एक गोल केला. ट्रकवाल्यांनी आरडाओरडा केला, आबांनी त्यांच्याकडे एकदा नुसतं बघितलं आणि ती माणसं पानांवर बसली.

सावद्याचा भास्कर नावाचा उंच पोरगा बचावाला होता, गावातला कबड्डीचाही नामी गडी. त्याला एक पिवळं कार्ड आधीच मिळालं होतं. उत्तरार्धात धुळ्याचा एक पोरगा चेंडू घेऊन एकटाच गोलाकडे सुटला, तसा भास्करनं मागून झेप घेतली आणि त्याचा घोटा दोन्ही हातांनी धरला. सुरेख पकड! पण मैदान फुटबॉलचं. आबांनी शिट्टी वाजवली, खिशात हात घातला आणि लाल कार्ड आभाळाकडे धरलं. भास्करनं वर बघितलं, त्याला गणपती दिसला, त्यानं हात जोडले आणि मुकाट्यानं बाहेर गेला. सगळं मैदान हसलं. दगड नाही, शिवी नाही. मांडवात साहेबांनी मान डोलावलेली मला स्पष्ट दिसली. मला नाचावंसं वाटत होतं.

भास्कर माझ्या समोरच रेषेबाहेर येऊन बसला. मांडी घालून, पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. काय शिस्तीचा पोरगा, असं माझ्या मनात आलं. तो असा का बसलाय हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण डोकं सामन्यात गुंतलेलं.

दहा पोरांवर आलेला सावदा आता पेटला. त्यांच्या एका अनवाणी पोरानं उजवीकडून चेंडू आणला, मध्ये टाकला, आणि बुटक्या कॅप्टननं डोकं लावून गोल केला. एक-एक! ट्रकवाले पानांसकट उठले. आणि त्याच क्षणी भास्कर उठला, अंगावरची माती झटकली आणि सरळ मैदानात धावत गेला.

सबंध सावदा ओरडलं, "जित्ता व्हयना! भास्कर जित्ता व्हयना!"

कबड्डी न खेळलेल्यांसाठी सांगतो. कबड्डीत तुमचा गडी बाद झाला की तो रेषेबाहेर रांगेत बसतो, असाच मांडी घालून. मग तुमच्या संघानं समोरचा गडी मारला, की तुमचा बाद झालेला गडी जिवंत होतो आणि आत येतो. भास्करचं गणित अगदी सरळ होतं. आपण बाहेर होतो, आपल्या संघानं गोल मारला, आपण जिवंत.

मी आबांकडे बघितलं. आबांनी हात वर केला आणि, जन्मभर जत्रांच्या मैदानावर करत आले तस्सं, तळवा हलवून भास्करला आत घेतलं.

मला वाटलं, आता धुळ्याची पोरं उसळणार. छे! त्यांच्या कॅप्टननं भास्करकडे बघून फक्त तोंड वाकडं केलं, "आला परत" अशा अर्थानं. धुळ्याचे पी.टी. शिक्षक शांत. प्रेक्षक शांत. साहेबही शांत. त्या हजारभर माणसांत या गोष्टीत काही चुकलंय असं वाटणारा प्राणी मी एकटा होतो.

चेंडू मध्यभागी ठेवला गेला. धुळ्याचा पोरगा त्याच्यावर पाय ठेवून शिट्टीची वाट बघत होता.

मनात काय काय आलं ते सांगतो. गप्प बसलो, तर सगळे खूश. राडा नाही, दगड नाही, साहेब समाधानी, फुटबॉल कार्यक्रमात राहणार. मी वर्षभर ज्यासाठी जिवाचं रान केलं ते पदरात पडलेलंच होतं. निशाण वर केलं, तर आबांना भर मैदानात, हजार माणसांसमोर, आयुष्यात पहिल्यांदा आपला निर्णय फिरवावा लागणार. आणि सावद्याची माणसं समोरच बसलेली, पायाशी मैदानातली ढेकळं. शिट्टी वाजली की सगळंच संपलं. आबांनी शिट्टी ओठांना लावली.

मी निशाण वर केलं. नुसतं वर नाही, हलवत, नाचवत, "आबाऽऽ" करून ओरडत मैदानात शिरलो. लाइन्समननं असं करायचं नसतं, मीच शिबिरात शिकवलं होतं.

आबांनी शिट्टी ओठांवरून काढली. मी धापा टाकत त्यांच्यापाशी पोचलो.

"आबा, भास्करला आत घेता येत नाही."

"काब्रं? गोल व्हयना ना त्यासना!"

"आबा, फुटबॉलमध्ये जिवंत होत नाहीत. एकदा लाल दाखवलं की सामना संपेपर्यंत बाहेर."

आबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. राग नव्हता. सबंध शरीरातलं रक्त कुणीतरी काढून घेतल्यासारखा चेहरा होता. हळू आवाजात म्हणाले, "सर, मी आजलोंग निर्णय फिरायेल नही."

"शिट्टी वाजायच्या आत फिरवता येतो, आबा. नियम आहे. नंतर नाही."

"आनि ह्या लोके?" त्यांनी ट्रकवाल्यांकडे मान वळवली. मी म्हणालो, "रेफरी तुम्ही आहात. तुम्ही म्हणाल तसं."

आबांनी शिट्टी मुठीत धरली आणि चालू लागले. मला वाटलं, भास्करकडे चाललेत. पण ते भास्करला ओलांडून थेट सावद्याच्या माणसांसमोर जाऊन उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढली. आबांना उघड्या डोक्यानं कुणी कधी पाहिलं नव्हतं. आणि मग तो जत्रेतला आवाज निघाला, पार मांडवापर्यंत पोचणारा:

"मनं चुकनं! ह्या खेळमा बाद गडी जित्ता व्हत नही. मी पोऱ्याले आत लिधा, ती मनी चूक. त्यानी नही, तुमनी नही. बठ्ठी मनी!"

पुढच्या रांगेतला एक जण ढेकूळ हातात घेऊन उठलाच होता. तेवढ्यात पागोटंवाले एक वृद्ध, सावद्याचे केळीचे मोठे बागाईतदार, सगळे ज्यांना नाना म्हणत, काठी टेकत उभे राहिले. त्यांनी त्या माणसाच्या हातावर काठी ठेवली आणि म्हणाले, "खाले बस. आबा टोपी काढीसन सांगी राह्यना, आते कसाना दगड?"

माणूस खाली बसला. आबांनी टोपी घातली, वळले, खिशातला अर्धा गणपती पुन्हा काढून भास्करला दाखवला. भास्करनं पुन्हा हात जोडले. बाहेर आला आणि माझ्यासमोर बसला, पण या वेळी मांडी न घालता पाय पसरून. आता उठायचं नाही हे त्याला कळलं होतं.

पुढचा खेळ मी कसा बघितला ते माझं मलाच माहीत. सावद्याची दहा पोरं जिवावर उदार होऊन खेळली. शेवटी शेवटी धुळ्यानं गोल केला आणि सामना दोन-एक असा त्यांनी जिंकला. भास्कर आत असता तर तो गोल झाला नसता, हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं आणि आजही आहे. दरवर्षी सावद्याच्या शाळेकडून माझ्या घरी केळीचा एक घड यायचा. त्या वर्षी आला नाही. मला त्याचं वाईट वाटलं, पण त्यांच्या जागी मी असतो तर मीही पाठवला नसता. एका चांगल्या संघाच्या हातचा कप माझ्या निशाणानं गेला, हा सल आहे तो आहेच.

पण त्या दिवशी मला सलाबिलाचं भान कुठलं! बक्षीस समारंभात साहेब म्हणाले, "यंदा सामना उत्तम झाला." नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, "मध्येच खेळ का थांबला होता हो? आणि त्या पंचांनी टोपी कशाला काढली?" म्हणजे साहेबांनाही कळलं नव्हतं! आवाज पोचला होता, पण अहिराणी काही डोक्यात शिरली नव्हती. मी म्हणालो, "लोकांना नवा नियम समजावत होते, साहेब." साहेब खूश झाले. "असे पंच पाहिजेत," म्हणाले. "पुढच्या वर्षीही फुटबॉल ठेवू." मला तिथल्या तिथं उड्या माराव्याशा वाटल्या. मांडवामागे जाऊन मी खरंच एक मारली.

मग आबांना शोधायला निघालो. ते धुळ्याच्या एस.टी. स्टँडवर बाकड्यावर एकटेच बसले होते. कार्ड हातात होतं, अंगठ्यानं त्यावरचा गणपती पुसत होते. मी साहेबांचं बोलणं सांगितलं. फुटबॉल राहिला, आबा, राहिला! त्यांनी मान हलवली, पण चेहरा फुलला नाही. मला धास्ती वाटली. मी म्हणालो, "आबा, सगळ्या लोकांसमोर तुम्हाला… माझा राग आला असेल."

आबांनी लाल कार्ड जपून खिशात ठेवलं. धरणगावची गाडी लागली होती, कंडक्टर घंटी मारत होता. आबा उठले, पायरीवर पाय ठेवला आणि मागे वळून म्हणाले:

"राग कसाना, सर? त्या घडीले मीच बाद व्हयेल व्हतो. तुम्ही निशाण दखाडं आनि माले जित्ता कया."